शून्य गोलांचा कर्णधार

वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या इंग्लिश क्लबकडून जेसी पेनिंग्टन १९०३ ते १९२२ या काळात लीगचे ४५५ सामने खेळला, आणि त्या ४५५ सामन्यांत त्याच्या नावावर एकही गोल नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून तो २५ सामने खेळला. तिथेही गोलांचा रकाना रिकामाच आहे. एफए कप ही इंग्लंडची बाद पद्धतीची मानाची स्पर्धा त्याला कधी जिंकता आली नाही, आणि कारकिर्दीची सुरुवातीची बरीच वर्षे तर लीगच्या दुसऱ्या, म्हणजे खालच्या विभागात गेली. तरीही त्याच्या काळातली वर्तमानपत्रे त्याला ‘बिनजोड पेनिंग्टन’ म्हणत, आणि एकोणीस वर्षे अल्बियनच्या डाव्या फुलबॅकची जागा बहुतेक त्याच्याच मालकीची होती. आजचा वाचक खेळाडूची किंमत गोल, असिस्ट आणि बदलीच्या रकमेवरून ठरवायला सरावलेला असल्यामुळे त्याला हे कोडे वाटणे साहजिक आहे. ते सोडवायचे तर पेनिंग्टनचे आयुष्य सांगण्याबरोबर त्याच्या काळचे नियम, मैदानावरची मांडणी आणि खेळाडू व क्लब यांच्यातला करार हेही समजून घ्यावे लागते. कारण त्या कारकिर्दीतल्या बऱ्याच गोष्टी त्याच्या पायांनी जितक्या ठरवल्या, तितक्याच नियमपुस्तकानेही ठरवल्या.

पेनिंग्टनचा जन्म २३ ऑगस्ट १८८३ रोजी वेस्ट ब्रॉमविचमध्येच झाला. बर्मिंगहॅमला लागून असलेला हा सगळा टापू कोळशाच्या खाणींचा, ओतशाळांचा आणि कारखान्यांच्या धुराचा. अल्बियन हा क्लबही तिथल्या सॉल्टर कंपनीच्या स्प्रिंगच्या कारखान्यातील कामगारांनी १८७८ मध्ये सुरू केलेला. लहानमोठ्या स्थानिक संघांतून पुढे येताना पेनिंग्टन काही काळ शेजारच्या ॲस्टन व्हिला या मोठ्या क्लबमध्ये हौशी खेळाडू म्हणून होता, पण तिथे तो टिकला नाही आणि १९०३ मध्ये अल्बियनने त्याला करारबद्ध केले. मुहूर्त काही फार चांगला नव्हता, कारण त्याचा पहिला हंगाम संपता संपता अल्बियनची पहिल्या विभागातून घसरण झाली आणि परत वर यायला १९११ साल उजाडावे लागले. म्हणजे वयाच्या विशीतली बहुतेक वर्षे हा खेळाडू दुसऱ्या विभागात खेळत होता. इंग्लंडच्या निवड समितीने त्याला १९०७ मध्ये वेल्सविरुद्ध पहिल्यांदा संधी दिली तीही तो दुसऱ्या विभागात असतानाच, आणि ही गोष्ट त्याच्या दर्जाबद्दल कोणत्याही आकडेवारीपेक्षा अधिक सांगते.

आता त्याच्या कामाकडे वळू. त्या काळी जवळजवळ सगळे इंग्लिश संघ गोलरक्षकापुढे दोन, त्यांच्यापुढे तीन आणि सर्वांत पुढे पाच अशा मांडणीत उतरत. मागच्या दोघांना फुलबॅक म्हणत, मधल्या तिघांना हाफबॅक आणि पुढच्या पाचांना फॉरवर्ड. आपल्याकडच्या जुन्या फुटबॉलप्रेमींच्या बोलण्यात ‘लेफ्ट आउट’, ‘राइट इन’, ‘सेंटर हाफ’ हे शब्द अजून ऐकू येतात, ते याच मांडणीतून आलेले आहेत. ‘फुलबॅक’ या शब्दाचा अर्थही त्या वेळी अगदी शब्दशः होता: पूर्णपणे मागे उभा राहणारा. आज फुलबॅक म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेला लागून सतत वर-खाली धावणारा आणि प्रतिपक्षाच्या गोलसमोर क्रॉस टाकणारा खेळाडू. पेनिंग्टनच्या काळचा फुलबॅक मात्र मैदानाच्या मधल्या पट्ट्यात, गोलसमोर उभा असे. प्रतिपक्षाच्या टोकाच्या खेळाडूंना सहसा बाजूचे हाफबॅक सांभाळत, आणि मधून घुसणाऱ्या तिघांचा भार या दोन फुलबॅकांवर पडे. तिघांसमोर दोघे, म्हणजे हिशेब मुळातच बचावाच्या विरुद्ध. मग हे दोघे टिकत कसे?

याचे उत्तर ऑफसाइडच्या नियमात आहे. आजचा नियम असा की चेंडू पुढे दिला जातो त्या क्षणी आघाडीचा खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे किमान दोन खेळाडू असावेत किंवा तो त्यांतल्या शेवटून दुसऱ्याच्या समांतर असावा, नाहीतर तो ऑफसाइड ठरतो. १८६६ पासून १९२५ पर्यंत ही संख्या दोन नव्हे, तीन होती. एवढ्याशा फरकाने काय होते ते डोळ्यांसमोर उभे केल्याशिवाय कळत नाही. गोलरक्षक गोलमध्ये उभा आहे. उजवा फुलबॅक गोलपासून वीस यार्डांवर आहे आणि डावा फुलबॅक, म्हणजे पेनिंग्टन, तीस यार्डांवर. प्रतिपक्षाचा सेंटर फॉरवर्ड पेनिंग्टनच्या किंचित अलीकडे, पस्तीस यार्डांवर, चेंडूची वाट पाहतो आहे. या क्षणी त्याच्यापुढे तिघे आहेत, म्हणून तो नियमात आहे. पण ज्याच्या पायाशी चेंडू आहे त्या हाफबॅकने मान वर करून पाय मागे नेला, की पेनिंग्टन पाच-सात पावले झटकन पुढे येऊन त्या सेंटर फॉरवर्डच्या पलीकडे जातो. आता फॉरवर्डच्या पुढे उरले फक्त दोघे. शिट्टी वाजते, फ्री किक अल्बियनला मिळते.

यात लक्ष देण्यासारखी गोष्ट अशी की पेनिंग्टनचा अंदाज चुकला असता तरी सर्वनाश झाला नसता, कारण उजवा फुलबॅक मागे वीस यार्डांवर उभाच होता. एकाने पुढे सरकून सापळा लावायचा आणि दुसऱ्याने मागे राहून चूक सावरायची, अशी ही कामाची वाटणी. म्हणून त्या काळचे फुलबॅक समांतर रेषेत क्वचितच उभे असत. एक पुढे, एक मागे, आणि चेंडू ज्या बाजूला जाईल तशी ही भूमिका अदलाबदल होई. दोन मोटांच्या विहिरीवर एक मोट वर येत असताना दुसरी खाली जावी, तशी ही जोडी चाले. एखादा फुलबॅक चांगला आहे असे लोक म्हणत तेव्हा त्यांना त्याचा टॅकल किंवा त्याची लांब लाथ अभिप्रेत असे हे खरेच, पण जाणकारांच्या लेखी खरी परीक्षा ही कधी पुढे जायचे आणि कधी थांबायचे याची असे, आणि पेनिंग्टनबद्दल त्याच्या समकालीनांनी जे लिहून ठेवले आहे त्यात वेग, स्वच्छ टॅकल आणि जागेची समज यांचाच उल्लेख वारंवार येतो.

१९०७ मध्ये या नियमात एक छोटी दुरुस्ती झाली: स्वतःच्या अर्ध्या भागात असलेला खेळाडू ऑफसाइड धरायचा नाही. त्याआधी फुलबॅक चक्क मध्यरेषा ओलांडून पुढे जाऊन उभे राहत आणि प्रतिपक्षाचा फॉरवर्ड आपल्याच मैदानात असूनही ऑफसाइड ठरे. दुरुस्तीनंतर फुलबॅकांची मजल मध्यरेषेपर्यंतच राहिली, पण सापळा काही सुटला नाही. उलट न्यूकॅसल युनायटेडच्या बिल मॅक्रॅकन या आयरिश फुलबॅकने तो इतका धारदार केला की बाहेरच्या मैदानांवरचे प्रेक्षक त्याच्यावर संतापत. पेनिंग्टनचे नाव या सापळ्याशी तितके जोडले गेले नाही. तो पळून चेंडू हस्तगत करणाऱ्यांपैकी होता, शिट्टीची वाट पाहणाऱ्यांपैकी नव्हे. तरी दोघांच्याही पायाखालचा नियम तोच होता.

एवढे समजले की शून्य गोलांचे कोडे आपोआप सुटते. मागे फक्त दोघेच असताना त्यातला एक प्रतिपक्षाच्या गोलपर्यंत धावत गेला तर मागे उरतो एकटा. शिवाय १९१२ पर्यंत गोलरक्षकाला आपल्या अर्ध्या भागात कुठेही चेंडू हाताळता येई. त्या वर्षी त्याचे हात पेनल्टी क्षेत्रापुरते मर्यादित झाले, म्हणजे पेनिंग्टनच्या कारकिर्दीच्या मध्यावर फुलबॅकांच्या पाठीशी असलेला आधार आणखी आक्रसला. बदली खेळाडूंची सोय तर इंग्लिश लीगमध्ये १९६५ पर्यंत आलीच नाही, त्यामुळे पुढे धावताना पाय मुरगळलेला फुलबॅक म्हणजे उरलेला सामना दहाच जणांनी खेळायचा. अशा खेळात फुलबॅकने गोल करणे हे कौतुकापेक्षा जागा सोडल्याचे लक्षण ठरे. पेनिंग्टनचा शून्य हा त्याने कामावर कधी गैरहजेरी लावली नाही याचा दाखला आहे, असे मी म्हणेन.

राष्ट्रीय संघातल्या २५ सामन्यांचेही असेच आहे. आज एखादा तरुण खेळाडू दोन-तीन वर्षांत तेवढे सामने खेळून मोकळा होतो. त्या काळी इंग्लंडचे वर्षाला ठरलेले सामने तीनच: वेल्स, आयर्लंड आणि स्कॉटलंडविरुद्ध. ब्रिटिश बेटांच्या बाहेर इंग्लंडचा संघ अधिकृत सामन्यांसाठी पहिल्यांदा गेला तो १९०८ मध्ये, व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि प्राग या शहरांच्या दौऱ्यावर, आणि पेनिंग्टन त्या वर्षी तसेच पुढच्या वर्षीही मध्य युरोपात खेळला. पहिल्या आणि शेवटच्या सामन्यात तेरा वर्षांचे अंतर, आणि मध्ये महायुद्धामुळे पाच वर्षे एकही अधिकृत सामना नाही, हे ध्यानात घेतले की २५ हा आकडा वेगळा दिसू लागतो.

त्या २५ पैकी २३ सामन्यांत त्याच्या उजव्या हाताला एकच माणूस होता, ब्लॅकबर्न रोव्हर्सचा बॉब क्रॉम्प्टन. १९१४ पर्यंतचा पेनिंग्टनचा एकही आंतरराष्ट्रीय सामना क्रॉम्प्टनशिवाय झाला नाही. क्रॉम्प्टन हा धिप्पाड, रुंद खांद्यांचा, धंद्याने प्लंबर. तो १८९६ मध्ये ब्लॅकबर्नला आला आणि १९२० पर्यंत तिथेच राहिला. १९१२ आणि १९१४ अशी दोन लीग विजेतेपदे त्याच्या नेतृत्वाखाली आली. इंग्लंडकडून तो ४१ सामने खेळला, आणि हा विक्रम १९५२ मध्ये बिली राइटने मोडेपर्यंत टिकला. खांद्याने धक्का देणे तेव्हा नियमात पूर्णपणे बसत होते, अगदी गोलरक्षकालाही, आणि क्रॉम्प्टनचा खांदा प्रसिद्ध होता. पेनिंग्टन त्याच्या मानाने लहानखुरा, चपळ, धक्क्यापेक्षा पायाच्या हालचालीवर विसंबणारा. एकाने आडवे जायचे आणि दुसऱ्याने मागून चेंडू उचलायचा, अशी ती जोडी होती. इतक्या वर्षांच्या सोबतीने दोघांना एकमेकांच्या पावलांचा अंदाज आपसूक येत असावा, आणि मघाशी सांगितलेली पुढे-मागे होण्याची कसरत नीट जमायला नेमके तेच लागते.

एकोणीस वर्षे एकाच क्लबमध्ये राहणे याकडे आज आपण निष्ठा म्हणून पाहतो. पेनिंग्टनच्या मनात अल्बियनबद्दल जिव्हाळा नव्हता असे मुळीच नाही. गाव त्याचेच होते. परंतु केवळ जिव्हाळ्यावर इतकी वर्षे निघतात असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्या काळी इंग्लिश लीगमध्ये खेळाडूचा करार साधारण एका हंगामाचा असे. हंगाम संपला की प्रत्येक क्लब लीगकडे दोन याद्या पाठवी: कोणाला राखून ठेवणार आणि कोणाला विकायला तयार आहोत. ज्याचे नाव राखीव यादीत गेले त्याला, नव्या कराराची बोलणी फिसकटली तरी, लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही क्लबकडून खेळता येत नसे. करार संपलेला, पण माणूस सुटलेला नाही, अशी ही विचित्र अवस्था होती. तिच्या जोडीला वेतनावर मर्यादा होती. १९०१ पासून कोणत्याही खेळाडूला आठवड्याला चार पौंडांपेक्षा जास्त देता येत नसे. १९१० नंतर जुन्या खेळाडूंसाठी ती टप्प्याटप्प्याने पाच पौंडांपर्यंत वाढली. कुशल कारागिराच्या दीड-दोन पौंडांच्या मानाने ही रक्कम वाईट नव्हती, पण भरलेल्या मैदानांच्या दारावर जमणाऱ्या पैशाशी तिचा काही संबंध नव्हता, आणि पस्तिशीनंतर ती थांबणारच होती.

या चौकटीतून निसटायची एकच फट होती, ती म्हणजे लीगच्या बाहेरचा क्लब. १९१० मध्ये वेतनावरून अल्बियनशी बिनसले तेव्हा पेनिंग्टनने तीच वाट धरली आणि तो किडरमिन्स्टर हॅरियर्स या लीगबाहेरच्या छोट्या क्लबकडे गेला. इंग्लंडचा डावा फुलबॅक गावगल्लीच्या स्पर्धेत खेळायला निघाला, असाच तो प्रकार होता. हे फार काळ चालले नाही. समेट झाला, तो परत आला, आणि त्याच हंगामात अल्बियनने दुसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळवून पहिल्या विभागात पुनरागमन केले. खेळाडूंची संघटना १९०७ मध्ये मँचेस्टरमध्ये स्थापन झाली होती आणि तिने या बंधनांविरुद्ध झगडाही केला, पण १९१२ मध्ये हॅरी किंगबी या खेळाडूने ॲस्टन व्हिलाविरुद्ध लढवलेला खटला न्यायालयात हरल्यावर तो प्रश्न पन्नास वर्षे मागे पडला. वेतनमर्यादा १९६१ मध्ये उठली आणि राखीव यादीची पद्धत १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायालयाने अवाजवी ठरवली. पेनिंग्टन तेव्हा ऐंशीच्या घरात होता.

१९१२ च्या एप्रिलमध्ये मात्र तो अठ्ठावीस वर्षांचा, अल्बियनचा कर्णधार आणि एफए कपच्या अंतिम फेरीत. समोर दुसऱ्या विभागातला बार्न्सली हा संघ, खाणकामगारांच्या गावचा आणि चिवट. २० एप्रिलला लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर सामना ०-० बरोबरीत सुटला. तेव्हा पेनल्टी शूटआउट नव्हते. बरोबरी झाली की सामना पुन्हा खेळायचा. चार दिवसांनी शेफील्डच्या ब्रॅमल लेनवर पुन्हा गाठ पडली, नव्वद मिनिटे पुन्हा गोलाविना गेली आणि वाढीव अर्धा तास सुरू झाला. तोही संपत आला. दोन सामने मिळून जवळपास साडेतीन तास गोल नाही, सगळ्यांचे पाय जड झालेले, आणि अवघी काही मिनिटे उरलेली असताना बार्न्सलीच्या हॅरी टफनेलला मैदानाच्या मध्याजवळ चेंडू मिळाला. तो धावत सुटला. अल्बियनचा बचाव पुढे आलेला होता, आणि त्याला अडवू शकेल असा एकच माणूस जवळपास होता: पेनिंग्टन.

हा क्षण नीट पाहण्यासारखा आहे. टफनेल त्याच्या बाजूने निसटत होता, गोल अजून दूर होता, आणि पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर त्याला पाय घालून पाडणे पेनिंग्टनला सहज शक्य होते. पाडले असते तर शिक्षा काय? एक फ्री किक. नक्की होणारा गोल अडवण्यासाठी मुद्दाम पाडणाऱ्याला लाल कार्ड दाखवण्याची पद्धत त्या शतकाच्या अखेरीला येणार होती; लाल कार्डच मुळी अस्तित्वात नव्हते. हिशेबी खेळाडूसाठी सौदा स्वस्त होता. पेनिंग्टनने पाय घातला नाही. तो धावत राहिला, टफनेल पुढे राहिला, चेंडू गोलमध्ये गेला आणि बार्न्सलीने कप नेला. पेनिंग्टनने त्याला पाडायला हवे होते का, यावर नंतर पुष्कळ चर्चा झाली. मला व्यक्तिशः हा प्रश्न आजच्या नजरेतून विचारलेला वाटतो. ज्या नियमांत फुलबॅकच्या हाती ऑफसाइडसारखे हत्यार होते आणि ज्या संकेतांत मुद्दाम पाडणे हलके समजले जाई, त्यात वाढलेल्या खेळाडूला तो पर्याय त्या पळभरात सुचलाही नसेल, किंवा सुचला तरी पाय उचलला नसेल. हरलेल्या संघाच्या कर्णधाराला त्याची किंमत मोजावी लागली एवढे खरे, कारण त्या अंतिम फेरीत तो पुन्हा कधी पोचला नाही.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९१३ मध्ये, वेगळाच प्रसंग आला. पास्को बायोलेटी नावाचा एक म्हातारा गृहस्थ खोटे नाव सांगून पेनिंग्टनला भेटला आणि त्याने ५५ पौंड देऊ केले. अट अशी की एव्हर्टनविरुद्धचा घरच्या मैदानावरचा सामना अल्बियनने जिंकायचा नाही. ५५ पौंड म्हणजे अकरा खेळाडूंना प्रत्येकी पाच, म्हणजे माणशी आठवड्याभराच्या जास्तीत जास्त पगाराइतके. हरायलाच हवे अशी अट का नव्हती, हे समजायला त्या काळच्या कूपनवरच्या पैजांची रीत लक्षात घ्यावी लागते. लोक पाच-सहा सामन्यांचे निकाल एकत्र लावत, आणि सगळे बरोबर आले तरच पैसे मिळत. घरच्या मैदानावर खेळणारा संघ जिंकेल असे लावणारे सर्वांत जास्त, त्यामुळे असा एखादा सामना नुसता बरोबरीत सुटला तरी शेकडो कूपने एका फटक्यात बाद होत आणि पैज घेणाऱ्याची तिजोरी भरे. बरोबरीने काम भागत असेल तर खेळाडूंच्या मनालाही ते फारसे टोचणार नाही, असा त्यामागचा धूर्तपणा असावा.

पेनिंग्टनने त्याला हाकलून दिले नाही. तयारी दाखवल्यासारखे करून त्याने त्याच्याकडून ते लेखी घेतले आणि क्लबला व पोलिसांना सगळे कळवले. गंमत अशी की सामना प्रामाणिकपणे खेळूनही १-१ असा बरोबरीतच सुटला, त्यामुळे बायोलेटी पैसे द्यायला आला आणि पकडला गेला. त्याला पाच महिन्यांची कैद झाली. पेनिंग्टनने त्या दिवशी पंच्याण्णव टक्के खेळाडूंनी केले असते तेच केले, असे म्हणायचा मोह होतो. पण दीडच वर्षानंतर, २ एप्रिल १९१५ रोजी, मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल यांच्या सामन्याचा निकाल खेळाडूंनीच आधी ठरवल्याचे सिद्ध झाले आणि दोन्ही संघांच्या मिळून सात जणांवर आजन्म बंदी आली. तेव्हा महायुद्ध सुरू होते, लीग बंद होणार हे दिसत होते, चार-पाच पौंडांचा पगारही थांबणार होता. आमिष तेच होते आणि पगाराची मर्यादाही तीच होती. त्या सात जणांनी जे केले त्याचे समर्थन होत नाही, तरी त्यांच्या पायाखालची जमीन सरकत होती हे विसरू नये.

लीग १९१५ च्या हंगामानंतर थांबली ती थेट १९१९ च्या ऑगस्टअखेरीस पुन्हा सुरू झाली. पेनिंग्टनची बत्तीस ते छत्तीस ही वर्षे त्यात गेली. अनेकांची कारकीर्द तिथेच संपली, काहींचे आयुष्यच. पेनिंग्टन मात्र परत आला आणि पहिल्याच हंगामात त्याच्या नेतृत्वाखाली अल्बियनने लीग जिंकली. ४२ सामन्यांत २८ विजय, ४ बरोबरी, १० पराभव. विजयाला दोन गुण या जुन्या हिशेबाने ६० गुण, दुसऱ्या क्रमांकावरच्या बर्नलीपेक्षा नऊ जास्त. संघाने १०४ गोल केले, त्यातले ३७ एकट्या फ्रेड मॉरिसचे. गुण आणि गोल हे दोन्ही तोवरचे विक्रम होते. अल्बियनच्या इतिहासातले ते आजतागायत एकमेव लीग विजेतेपद आहे, आणि त्या संघाच्या कर्णधाराच्या नावापुढे गोलांच्या रकान्यात नेहमीप्रमाणे शून्य आहे.

त्याच वसंतात, १० एप्रिल १९२० रोजी, छत्तीस वर्षांच्या पेनिंग्टनला स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडचे कर्णधारपद मिळाले. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरच्या त्या सामन्यात मध्यंतराला इंग्लंड २-४ असा मागे होता आणि शेवटी ५-४ असा जिंकला. क्रॉम्प्टन शेजारी नव्हता. पूर्वार्धात चार गोल खाल्लेल्या बचावाने उत्तरार्धात एकही गोल होऊ दिला नाही. तो त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. अल्बियनकडून तो आणखी दोन वर्षे खेळला आणि १९२२ मध्ये थांबला.

तीन वर्षांनी ऑफसाइडचा नियम बदलला. तिघांच्या जागी दोघे आले. मघाचे चित्र पुन्हा आठवा. पेनिंग्टन पुढे आला तरी आता गोलरक्षक आणि मागचा फुलबॅक मिळून दोघे उरतातच, म्हणजे फॉरवर्ड नियमात आहे. सापळा लावायचा तर दोन्ही फुलबॅकांनी एकदम पुढे यावे लागणार, आणि अंदाज चुकला तर मागे कोणीच नाही. परिणाम ताबडतोब दिसला: पहिल्या विभागात १९२४-२५ च्या हंगामात ४६२ सामन्यांत ११९२ गोल झाले होते, ते पुढच्या हंगामात तितक्याच सामन्यांत १७०३ झाले. मग मधल्या हाफबॅकला मागे खेचून दोघांच्या मध्ये तिसरा बचावपटू म्हणून उभे करण्यात आले, आणि मधली जागा भरल्यामुळे फुलबॅक बाजूला सरकत सरकत टचलाइनपर्यंत पोचले. नाव तेच राहिले, काम पार बदलले. टचलाइनवर गेलेल्या फुलबॅकला समोर मोकळी धाव दिसू लागली, आणि पुढच्या चाळीस वर्षांत तो त्या धावेवर निघाला.

पेनिंग्टन ५ सप्टेंबर १९७० रोजी, सत्याऐंशी वर्षांचा होऊन वारला. त्याच्या अडीच महिने आधी मेक्सिको सिटीत ब्राझीलने इटलीला ४-१ असे हरवून विश्वचषक जिंकला होता. शेवटच्या मिनिटांत झालेला चौथा गोल कार्लोस आल्बेर्तोने केला. तो संघाचा कर्णधार होता, आणि त्याची जागा होती राइट बॅकची.